सहावी कानस

ट्रेमध्ये खाचा सहा होत्या आणि कानशी पाच.

राजश्रीने पुन्हा मोजल्या. चपटी, चौकोनी, तिकोनी, गोल आणि सुरीच्या आकाराची. सहाव्या खाचेत काहीच नव्हतं. नेमकी अर्धगोल कानस गायब होती, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. समोर चांदीची अंगठी ठेवलेली, साच्यातून नुकतीच निघालेली, आतून खरखरीत. तिची आतली बाजू गुळगुळीत करायला तीच एक कानस लागते.

"अर्धा तास. सुरू करा," ऋता मॅडम म्हणाल्या. दागिन्यांच्या या कारखान्याच्या त्या सुपरवायझर. अंगठी जमली तर राजश्रीला कानसकामाच्या टेबलावर खुर्ची मिळणार होती. नाही जमली तर परत पॉलिशचं मशीन, आणि तिथून पुढे सुटका नाही. सहा वर्षं त्या मशीनची धूळ खाऊन ती घरी जाऊन काळं थुंकत होती.

"मास्तर, अर्धगोल कुठाय?"

हिरामण मास्तर एप्रनच्या खिशावर हात ठेवून उभे होते. या टेबलाचे ते सर्वेसर्वा.

"पाच हायत ना? कारागीर हत्यारासाठी रडत नाय."

टेबलावरचे सात पुरुष एकदम आपापल्या कामात फारच गढून गेले.

गोल कानस घातली तर अंगठीत पन्हळी पडणार, चपटी घातली तर कोपरे. मास्तरांना हे ठाऊक होतं. राजश्रीलाही ठाऊक आहे, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. शिरवणे गावातल्या आपल्या खोलीत गेले दोन महिने ती स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून एका जुन्या अर्धगोल कानशीने पडद्याच्या पितळी कड्या आतून घासत होती. शेजारच्या गिरजाबाईंनी त्या आवाजाला वैतागून दोनदा भिंत ठोकली होती. घरची ती कानस इथे आणायची सोय नव्हती. गेटवर खिसे उलटे करून दाखवल्याशिवाय आत कोणी सोडत नाही.

राजश्री खुर्चीवरून उठली.

"हां, बरोबर," मास्तर म्हणाले. "बायकांचा हात पॉलिशलाच बसतो."

ती दाराकडे गेली नाही. सरळ मास्तरांच्या जागेकडे गेली.

या टेबलावर कोणीही कोणाचाही डबा उघडून खातं, पण दुसऱ्याच्या कानशीला हात लावत नाही. कानस मालकाच्या हाताने झिजते आणि त्याच्याच हाताला वळते, असं सगळे मानतात. मास्तरांच्या कानशींना तर मोरा बंदरातल्या एका जुन्या होडीच्या वल्ह्यातून कोरलेल्या मुठी होत्या, तीस वर्षांच्या घामाने काळ्या झालेल्या. ते रजेवर असले तरी त्या जागच्या हलत नसत.

तिथे दोन अर्धगोल कानशी होत्या. राजश्रीने जाड कानस अंगठीला लावून पाहिली. तिचा फुगवटा अंगठीच्या गोलाईपेक्षा मोठा होता, नुसत्या कडाच खाल्ल्या असत्या. ती तिने खाली ठेवली आणि बारीक उचलली.

"ए! ठेव ती!"

"तुमी माझी काढलीत, मी तुमची घेतली."

"मी काढली? कोन म्हनतं?"

"कोणीच नाय म्हणत. सगळे खाली बघतायत."

"मास्तर, वेळ चालू आहे," ऋता मॅडम म्हणाल्या. "काय ते नंतर."

राजश्रीला राग आला होता, आणि चांगलाच आला होता. पण तो हातात उतरू द्यायचा नव्हता. तिने कानशीवर खडू घासला, म्हणजे चांदी दातांत अडकत नाही, आणि अंगठी लाकडी खुंटीला टेकवली. कानस पुढे जाताना कापते. मागे घेताना ती उचलायची असते, नाही तर दात बोथट होतात. नवखा माणूस करवतीसारखी पुढेमागे ओढत बसतो, आणि मास्तर तेवढ्याचीच वाट बघत होते. राजश्री पुढे ढकलत होती, उचलत होती, अंगठी जराशी वळवून पुन्हा ढकलत होती. वल्ह्याची मूठ आधी परकी लागली, मग तळव्यात बसली. मास्तरांना ते बघवेना आणि नजरही काढवेना.

पंचविसाव्या मिनिटाला तिने अंगठी पुढे ठेवली.

मास्तरांनी कापसाचा पुंजका घेतला. आत कुठे बारीकसं कुसळ राहिलं असेल तर कापसाचा तंतू त्याला अडकतो. त्यांनी पुंजका अंगठीतून ओढला. अंगठी उलटी करून पुन्हा ओढला. तिसऱ्यांदा खिडकीच्या उजेडात नेऊन ओढला. एकही तंतू मागे राहिला नाही.

"काय मास्तर?" मॅडमनी विचारलं.

"कानस माझी होती. तीस वर्सं मुरलेली. काम तिनं केलंय, हिनं नाय."

राजश्रीने तारेच्या ब्रशने मास्तरांच्या कानशीच्या दातांतली चांदी काढली, फडक्याने मूठ पुसली आणि कानस होती तिथे ठेवली. मग साच्यातून निघालेल्या अंगठ्यांच्या डब्यातून दुसरी खरखरीत अंगठी उचलून ती आपल्या जागेवर येऊन बसली.

"बरोबर हाय तुमचं, मास्तर. मग ही दुसरी मी माझ्या कानशीनं करते."

चांदीच्या किसाने करडा झालेला तळवा तिने त्यांच्यापुढे धरला.

"द्या."

मास्तरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम त्यांच्याकडेच बघत होत्या. टेबलावरचे सातही चेहरे आता वर आले होते. राजश्रीचा हात खाली गेला नाही.

मास्तरांनी एप्रनच्या खिशात हात घातला.