आत्याचा मान

पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी इंग्रजीतले ध्वनी शिकवत होते. "गळ्याला बोटं लावा. 'झ्' म्हणताना गळा थरथरतो, 'क्', 'त्' म्हणताना नाही." पोरं एकमेकांकडं बघून हसत होती.

तास संपल्यावर मंजुश्री थांबली. "मॅडम, गळ्यातला आवाज पार गेला, तरी क्, त् निघतेत?"

"थोडेफार निघतात, तोंडातल्या हवेवर. पण परीक्षेला एवढं खोलात येत नाही गं."

"परीक्षेसाठी न्हाई, मॅडम."

महिन्याभरानं तिनं भाचीच्या बारशाला निलंग्याला बोलावलं. तिथं कळलं, कॅन्सरच्या ऑपरेशनात तिच्या वडिलांचं स्वरयंत्र काढलंय. वर्षभरापासून ते फक्त हातवारे करून बोलतात. घरच्यांनी बाळासाठी गौरी नाव धरलं होतं, पण नाव ठेवायचा मान आत्याचा. मंजुश्रीनं बाळाच्या कानात सांगितलं, "केतकी." मग वडिलांना पुढं केलं. "अण्णा, मी शिकवलं तसं."

ते पाळण्यावर वाकले. ओठ हलले, जीभ टाळ्याला लागली आणि अगदी बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "क्... त्... क्."

मंजुश्रीच्या आईनं, पार्वतम्मांनी, पाळण्याची दोरी सोडली आणि नवऱ्याकडं बघितलं.

"आणिक एकदा हाक मारा की."