कच्ची प्रत

अभियंत्याने श्वास रोखला, नकला काढायच्या मशीनमधून आलेला कागद दोन्ही तळव्यांवर घेतला आणि तो चालू लागला.

कागद कच्चा होता. त्यावरची अक्षरं म्हणजे अजून नुसती काळी भुकटी, कागदावर अलगद बसलेली. भट्टीत भाजली की ती कागदात रुतायची आणि मग कुणाच्या बापाला निघायची नाहीत. पण भट्टी पॅसेजच्या दुसऱ्या टोकाला, बेचाळीस पावलांवर होती, आणि तोवर ती उडायला एक फुंकर पुरे होती. म्हणून तो कागद घेऊन निघाला की अख्खा मजला गप्प होई. टायपिस्टबाईंनी पंखा बंद केला. झाडूवाल्याने झाडू भिंतीला टेकवला. या मजल्यावर सर्दी झालेल्याला भरपगारी रजा मिळते, अशी चेष्टा खालच्या मजल्यावरचे लोक करत, आणि ती निम्मी खरी होती.

दुपारचं ऊन खिडक्यांतून तिरपं आत आलं होतं. तो पाण्याखालून चालल्यासारखा चालत होता. दिवसभरात त्याला सगळ्यात आवडणारी वेळ हीच.

गेली नऊ वर्षं तो एकाच गोष्टीच्या मागे होता: भुकटी अक्षरावर बसवायची कशी. पहिला ब्रश त्याने फरचा केला, तो सगळं माखून ठेवायचा. दुसरा चुंबकाच्या रुळाचा. त्यावर लोखंडी कणांची लव उभी राही आणि ती भुकटी वाहून नेई. काम चोख, पण पेन्सिलीची फिकी रेघ आली की भुकटी लावता लावता तोच ती झाडून टाकायचा. मग तिसरा, चौथा, करत करत आता हा सातवा, आणि यात त्याने ब्रश टेकवलाच नव्हता. रूळ केसभर लांबून फिरायचा आणि भुकटी आपणहून उडी मारून रेघेवर जाऊन बसायची. झोपेतही त्याला ते दिसे: अंधारातून सावकाश उडत चाललेले काळे कण, प्रत्येकाला आपली जागा ठाऊक.

आजच्या चाचणीला पेन्सिलीने लिहिलेला कागद हवा होता. खिशात बायकोची सकाळची चिठ्ठी सापडली, तिचीच नक्कल त्याने काढली. तो घरी परते तेव्हा ती झोपलेली असे आणि तो उठे तेव्हा कामावर गेलेली. संसार चिठ्ठ्यांवर चालला होता. 'भाजी फ्रिजमध्ये आहे. गरम करून घे. उशीर होणार असेल तर कळव.' उशीर रोज होई, आणि कळवायचं रोज राहून जाई.

विसाव्या पावलावर त्याने खाली पाहिलं. तिन्ही ओळी आल्या होत्या, अगदी पेन्सिल जिथे हलकी झाली होती तिथेसुद्धा. त्याला इतका आनंद झाला की श्वास सुटता सुटता राहिला. मग त्याच्या लक्षात आलं, ओळी तीनच नव्हत्या.

त्यांच्याखालून आणखी अक्षरं वर आली होती, राखेच्या रंगाची. तिने आधी लिहून रबराने खोडलेली. चिठ्ठीवर ती डोळ्यांना दिसत नव्हती. सातव्या ब्रशला दिसली होती.

'थोडे दिवस ताईकडे जाते. भिंतीशी बोलून थकले. शोधू नकोस, तुला तसंही'

पुढे काही नव्हतं. तिथेच तिने रबर घेतलं असणार.

तो पॅसेजच्या मधोमध थांबला. असं तिथे कधी कुणी थांबत नसे. टायपिस्टबाई पंख्याच्या बटणावर बोट ठेवून त्याच्याकडे पाहत राहिल्या. त्याला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. उरलेली पावलं तो कशीबशी चालला.

भट्टीवाल्या काकांनी झाकण उघडून ठेवलं होतं. आतली धग तोंडावर आली.

"आलं का हो?" त्यांनी मान वळवून, दबक्या आवाजात विचारलं.

त्याने मान हलवली.

"मग द्या. भाजून टाकतो, साहेबांना दाखवू."

अभियंत्याने कागद तोंडासमोर धरला.

"तिने खोडलंय, काका," तो म्हणाला, आणि त्या शब्दांबरोबरच अर्धी ओळ उडून गेली. मग उरलासुरला सगळा श्वास त्याने कागदावर सोडला. भुकटी उसळली आणि त्याच्या नाकावर, गालांवर, चष्म्यावर बसली.

"अहो, नऊ वर्षं..." काका म्हणाले.

"उद्या दुसरा कागद घेऊ."

चार वाजता तो निघाला. फाटकावरच्या माणसाने आधी त्याच्याकडे आणि मग घड्याळाकडे पाहिलं.

घरी दाराशी बॅग होती. भरलेली की रिकामी, हे विचारायचं धाडस त्याला झालं नाही. बायको आतून आली आणि जागीच थबकली.

"कुठे तोंड काळं करून आलास?"

सवयीने विचारून गेली, पण टॉवेल गरम पाण्यात पिळून घेऊनही आली. त्याने तिचं मनगट धरलं.

"गरम नको. गरम लागलं की पक्कं बसतं."

"आहे काय हे?"

"तू सकाळी खोडलेलं."

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. हातातला टॉवेल गार होत गेला.

"सगळं वाचलंस?"

"होतं तेवढं. 'तुला तसंही'पर्यंत."

तिने पायाने बॅग बाजूला सारली आणि खुर्ची ओढली. समोरची दुसरीही ओढली.

"बस," ती म्हणाली. "पुढचं तोंडाने सांगते."

तो तसाच काळ्या तोंडाने बसला, आणि सवयीने त्याने श्वास रोखला.