मुक्कामी गाडी

“ताई, आता तुम्हीच सांगा. कुठे जाऊ?”

धाकटी जाऊ चौकशीच्या खिडकीला नाक लावून उभी होती. आत थोरली बसलेली. वीस वर्षं ती बसस्थानकाच्या याच खिडकीत बसत होती. कुठली गाडी, कुठला फलाट, किती वाजता, सगळं तोंडपाठ. स्वतः मात्र कुठे गेली असेल तर कोणाच्या लग्नाला, नाहीतर कोणाच्या आजारपणाला. तेही कोणाचा तरी डबा आणि कोणाच्या तरी गोळ्या सांभाळत. एकटी कधीच नाही.

आणि काल या धाकटीने जेवता जेवता जाहीर केलं, “शुक्रवारी मी दोन दिवस फिरायला जातेय. एकटीच.”

थोरलीने वाढायचा डाव हवेतच धरला. आता होणार तमाशा! खरं सांगायचं तर ती मनातून खूश झाली होती. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली पोरगी, चष्म्याच्या दुकानात काम करते म्हणून काय झालं? आता सासूबाई हिची चांगली खरडपट्टी काढणार. पण सासूबाईंनी ताटातून मानसुद्धा वर केली नाही. “चार्जर विसरू नकोस,” एवढंच म्हणाल्या. धाकटीचा नवरा म्हणाला, “फोटो पाठव.” संपलं!

लग्नाच्या चोवीस वर्षांत थोरलीने हे वाक्य तोंडाबाहेर काढलं नव्हतं, का तर घर डोक्यावर घेतील म्हणून. आणि घर चार्जरवर थांबलं! तेव्हापासून तिच्या पोटात नुसतं दुखत होतं. आली मोठी एकटीने फिरणारी.

“डोंगरावर जाऊ का?” धाकटीने विचारलं.

“जा की. थंडीने दात वाजतील. दोन दिवस पांघरुणात काढशील.”

“मग समुद्रावर?”

“उन्हाने कोळसा होशील. आणि लाटा काय, एक बघितली की सगळ्या बघितल्या.” थोरलीने एका म्हाताऱ्याला फलाट क्रमांक तीन दाखवला आणि पुन्हा धाकटीकडे वळली. “नवखीने अशा गर्दीच्या ठिकाणी जाऊच नये.”

धाकटीचा चेहरा पडला. थोरलीला जरा बरं वाटलं. मग तिच्या डोक्यात आलं, नुसतं मोडता घालून काय होणार? हिला असं ठिकाण सांगावं की दोन दिवसांत कंटाळून परत आली पाहिजे. पुन्हा फिरायचं नाव काढायला नको. आणि तसं एक गाव फलकावर होतंच, अगदी तळाला. दुपारी सव्वादोनची मुक्कामी गाडी. संध्याकाळी पोचते, रात्री तिथेच थांबते, सकाळी निघते. त्या गाडीवर ड्यूटी लागली की कंडक्टर कपाळावर हात मारून घेत.

“एक गाव आहे,” ती म्हणाली. “फारसं कोणाला माहीत नाही.”

“काय आहे तिथे?”

काहीच नाही, हे सांगून कसं चालेल? थोरलीने कंडक्टरांचं रडगाणं आठवलं आणि त्यालाच जरा गोडी लावून वाढायला घेतलं.

“तळं आहे. काठाला बाकं आहेत. माणसं येऊन बसतात.”

“आणि काय करतात?”

“बसतात. कंटाळा आला की उठतात. एकच लॉज आहे, तळ्यासमोर. मालक किल्ली हातात देतो आणि आत जाऊन झोपतो. खाणावळीत एकच काय ते बनतं, ते ताटात येतं. काय करू, किती करू, काही नाही. दुकानं दुपारी बंद. घाई कशाचीच नाही. ओळखीचं तर कुत्रंही नाही. दिवसभर कोणी तुला काही विचारत...”

“बाई, पावणेबाराची गेली का हो?” एका माणसाने खिडकीत डोकं घातलं.

“गेली. पुढची साडेबाराला.”

“थांबते कुठे?”

“फलाट पाच.”

“नक्की ना?”

थोरलीने मान डोलावली. तिच्या मांडीवरचा फोन थरथरला. घरून. धुतलेले मोजे कुठे आहेत? तिने उत्तर लिहायला बोटं उचलली आणि तशीच थांबली. आपण आत्ता काय बोलत होतो? कंडक्टर ज्या गोष्टींना शिव्या घालत होते, त्या एकेक करून तिने स्वतःच्या तोंडाने सांगितल्या होत्या. त्यातली एकही तिला वाईट वाटेना. तिला ते बाक हवं होतं. ती किल्ली हवी होती. आणि ते सगळं ती या पोरीच्या हातात देऊन बसली होती! मघाशी पोटात दुखत होतं, आता तर आगच पडली.

धाकटीचे डोळे लकाकले होते. “कोणी काही विचारत नाही? ताई, मला अगदी हेच हवं होतं! ठरलं. शुक्रवारी सव्वादोन ना? लिहूनच द्या मला.”

“नको,” थोरली म्हणाली.

“म्हणजे?”

“समुद्रावर जा. सकाळी सातची गाडी, फलाट दोन. खिडकी डाव्या बाजूची धर, शेवटचा तासभर पाणी दिसतं. पहिल्यांदा जातेयस, छानच वाटेल.”

“अहो, पण आत्ता तर तुम्ही म्हणालात गर्दी, ऊन... आणि ते तळ्याचं गाव? त्याचं काय?”

“तिथे मी जाणार आहे.”