नवा कार्बुरेटर

१९९६ साल. आमचे हे साधनाला मखमलाबादहून गंगापूर रोडच्या कॉलेजात जुन्या स्कूटरवर सोडायचे आणि पोरीला रोज उशीर व्हायचा. गाडीला जरा वेग यावा म्हणून मी हट्टाने नवा कार्बुरेटर बसवायला लावला. तरी उशीर चुकेना.

"बैलगाडी बरी तुमच्यापेक्षा!" म्हणत मी साधनाला रिक्षा लावून दिली.

पुढे साधना लग्न होऊन इंदूरला गेली. दोन हजार चारमध्ये हे गेले. दहाव्याला आलेला नवनाथ मेकॅनिक माझ्याजवळ येऊन बसला.

"काकू, काकांनी आठवड्यातच जुना कार्बुरेटर परत बसवून घेतला होता. म्हणाले, पोर माझ्याशी फक्त गाडीवरच बोलते रे."