हरभऱ्यावरची चांदणी

तीन राजांच्या सणाची संध्याकाळ. आज नाताळ संपतो, दारावरच्या दिव्याच्या चांदण्या उतरवतात. फादर मोटारसायकलवरून गावात शिरले आणि थबकलेच. ख्रिस्ती घर एकट्या रीताचं. पण इथे तर हरभऱ्याच्या वावरावावरात बांबूवर चांदणी लुकलुकत होती.

फादरांना गहिवरून आलं. बांधावरच्या गुणवंतरावांना त्यांनी विचारलं, "भाऊ, विश्वास कधी बसला?"

"पंधरा दिवस झाले. रीताबाईनं वावरातल्या घरावर चांदणी लावली अन् तिच्या वावरात एक रानडुक्कर फिरकला नाई. मंग साऱ्यायनंच आणली."

फादर कसेबसे म्हणाले, "पण आज ती उतरवायची असते."

"हरभरा निघेपर्यंत नाई जमत, फादर." गुणवंतरावांनी हात जोडले. "अन् माकडासाठी तुमच्यात एखादा सण हाये काय?"