तात्यांची तपासणी

"हिला आत नेऊ का संगती? चक्करबिक्कर आली तर?" लघवीची डबी हातात घेत तात्यांनी बायकोकडे बघत विचारलं.

"न्या की," डॉक्टर अंतरा हसल्या.

खोपोलीच्या इस्पितळात तात्यांच्या हृदयाचं ऑपरेशन नुकतंच पार पडलं होतं. लघवीची नळी त्याच सकाळी काढली होती. कडावच्या या गड्याला आता एकच घाई होती, घरी जायची. पुढच्या आठवड्यात नातीची हळद, आणि आगऱ्याच्या घरची हळद आजोबाशिवाय लागते होय?

"अशा ऑपरेशननंतर कधीकधी किडनीला मार बसतो," अंतरांनी समजावलं होतं. "रक्तात ते उशिरा कळतं. लघवीच्या या नव्या तपासणीत आधीच सापडतं, आणि मग किडनी वाचवता येते. चोर दारातच धरायचा."

"धरा की! माज्याकडं काय घावनार नाय."

छाती उघडून झाली, पण माणसाचा तोरा काही उतरला नव्हता.

अनसूयाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. गुडघ्यांनी वर्षभर छळलं होतं. नाक्यावरच्या दुकानातल्या दुखण्याच्या गोळ्या गिळून त्या दिवस रेटत होत्या. नवऱ्याचं सगळं आपणच करायचं, हा त्यांचा संसार. पाणी त्यांनी काढायचं, टॉवेल त्यांनी द्यायचा, तात्यांनी नुसतं मिरवायचं.

आत बराच वेळ लागला. दोघं बाहेर आली तेव्हा डबी भरलेली होती.

"झालं काम," अनसूयाबाई म्हणाल्या.

दुपारपासून तात्यांना लघवी छान मोकळी होऊ लागली. नर्स खूश झाली. तात्या तर वॉर्डभर हळदीची आमंत्रणं देत सुटले.

संध्याकाळी अंतरा रिपोर्ट घेऊन आल्या. त्यांचा चेहरा गंभीर होता.

"तात्या, किडनीला मार बसलाय. पण घाबरू नका, वेळेत कळलंय. आजच उपचार सुरू केले तर वाचेल. अंगावर काढलं असतं तर कठीण होतं."

तात्या दचकले. मग बायकोकडे बघून त्यांना हसूच फुटलं.

"सांग गं आता. लपवू नको."

अनसूयाबाई ओशाळल्या, पण त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

"रागावू नका, डॉक्टरीनबाय. ह्यांना तवा होतच नवती, म्हनून डबी मीच भरून दिली. ह्यांना कायबी झालं नाय."