तालमीत न म्हटलेली ओळ

तिसरा अंक अर्धा होत आला तरी नाटकाला शेवटची ओळ नव्हती, आणि हे नाटककाराशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. पर्सी हॉलम विंगेत उभा राहून पेन्सिल चावत होता. त्याची आधीची सहा नाटकं साभार परत आली होती. हे सातवं शनिवारी दुपारी, एकाच खेळापुरतं लागलं होतं. थिएटरचे मालक मिस्टर ग्रिम्शॉ स्वतः प्रेक्षागृहातल्या खास बॉक्समध्ये येऊन बसले होते. त्यांना आवडलं तर नाटक हंगामभर चालणार, नाही तर पर्सी जन्मभर गॅस कंपनीत पत्रं लिहीत बसणार.

एवढा घोळ लपला तो जुन्या रिवाजामुळे. तालमीत नाटकाची शेवटची ओळ कुणी म्हणायची नसते. म्हटली की नाटक आपटलंच, असं तिथली झाडूवालीसुद्धा सांगेल. त्यामुळे तीन आठवडे सगळे त्या जागेपर्यंत यायचे, नायिकेचं काम करणारी हॅरिएट कोल हवेत नुसता हात फिरवायची आणि मंडळी चहाला पळायची. हॅरिएटच्या संवादांच्या वहीत ती जागा कोरी होती. ‘आयत्या वेळी कानात सांगतो, कागदावरसुद्धा नको,’ असं पर्सीने तिला बजावलं होतं. रिवाजावर इतकी श्रद्धा त्याने आयुष्यात कधी ठेवली नव्हती.

नाटक साधंच होतं. एक लाजाळू शाळामास्तर दोन वर्षं दर गुरुवारी नायिका डॉरथीच्या घरी येतो. मधमाश्या, हवा, भूगोल अशा विषयांवर बोलतो आणि मनातलं मनातच घेऊन परत जातो. शेवटच्या प्रवेशात तो हॅट उचलून म्हणतो, “बरं, मी निघतो मग.” यावर डॉरथी एकच वाक्य बोलते आणि पडदा पडतो. ते वाक्य पर्सीने चाळीस तऱ्हांनी लिहिलं होतं आणि चाळीसही कागद फाडले होते. सगळी वाक्यं पाकात बुडवलेली.

अखेर त्याला राहवेना. त्याने जॉब टकरच्या कानात सगळं सांगून टाकलं. जॉब हा थिएटरचा म्हातारा प्रॉम्प्टर आणि पर्सीचा जुना दोस्त. त्याने मांडीवरच्या संहितेचं शेवटचं पान उलटून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

“अरे, कुणा बाईला तरी विचारायचंस.”

“कुणाला विचारू? माझ्या ओळखीत बाई आहे कोण?”

“नऊ वर्षं दर रविवारी जिच्याकडे जेवायला जातोस ती कोण आहे मग? पोलीस शिपाई?”

“हॅरिएट? ती मैत्रीण आहे माझी.”

“आणि हा माणूस प्रेमावर नाटकं लिहितो,” जॉब संहितेकडे बघत पुटपुटला.

पर्सी काही वाईट माणूस नव्हता, फक्त मंद होता. प्रत्येक नाटक तो आधी हॅरिएटला वाचून दाखवायचा. ती हसली की वाक्य ठेवायचा, तिने नाक मुरडलं की खोडायचा. त्याच्या सातही नायिका हॅरिएटसारख्याच नाक मुरडत, आणि त्याला वाटे, आपली कल्पनाशक्ती काय अफाट आहे.

शेवटच्या प्रवेशाआधी हॅरिएट शाल घ्यायला विंगेत आली. तिने कान पुढे केला. “हं, सांग.”

“नाहीये.”

“काय नाहीये?”

“ओळ. मी लिहिलीच नाही, हॅरिएट. असल्या माणसाला बाई काय म्हणेल तेच मला कळत नाही.”

“असल्या म्हणजे कसल्या?”

“जो येतो, बसतो, खातो आणि घरी जातो.”

हॅरिएटला राग आला होता, हसूही येत होतं, आणि दोन्ही आवरायला वेळ नव्हता.

“काय म्हणेल ते मला ठाऊक आहे,” ती म्हणाली आणि शाल सावरत रंगमंचावर गेली.

पर्सीने डोळे मिटले. मास्तरने हॅट उचलल्याचं त्याला ऐकूनच कळलं. “बरं, मी निघतो मग.” पुढे काहीच आवाज येईना. प्रेक्षागृहात कुणीतरी खोकलं. त्याने डोळे उघडले तेव्हा मास्तर हॅट धरून एकीकडे उभा होता आणि हॅरिएटचं तोंड भलतीकडेच, विंगेकडे होतं.

“जा,” ती शांतपणे म्हणाली. “पण पुढच्या खेपेला विचारूनच टाक. नऊ वर्षं मी ‘हो’ तयार ठेवलंय, आता ते शिळं व्हायला लागलंय.”

थिएटरात असा हशा उसळला की पडदा ओढणारा माणूस दोरी धरून नुसताच हसत उभा राहिला. मिस्टर ग्रिम्शॉ बॉक्सच्या कठड्यावर काठी आपटत होते. नाटक तरलं होतं.

हॅरिएट विंगेत आली तेव्हा पर्सी शर्टाच्या बाहीवर ओळ उतरवून घेत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. “हॅरिएट, काय ओळ आहे. अश्शीच ठेवू. फक्त ते नऊ काढ. नाटकात दोनच वर्षं झालीत.”

मागे जॉबने संहिता मिटली आणि ती स्वतःच्या डोक्यावर मारून घेतली.

हॅरिएटने पर्सीच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

“डॉरथीची ओळ तू सोमवारपर्यंत लिहून दे. ही माझी होती,” ती म्हणाली. “आता विचार.”